नगरपरिषदेत फाईल कुठे अडते?

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या मोहल्ल्यात, मशिदीमागच्या बोळात, एकापाठोपाठ चार घरांतील मुलांना कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठले पिता?" पाणी नळाचेच होते. पण नळाचा जुना लोखंडी पाईप उघड्या गटारातून गेला होता आणि एका जोडाजवळ तो गंजून फुटला होता. पाणी बंद झाले की पाईप रिकामा व्हायचा आणि गटाराचे पाणी त्या फटीतून आत शिरायचे. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिली काही मिनिटे काळपट, वास मारणारे पाणी यायचे.

बोळातील बायका एकत्र आल्या आणि नगरसेवकाच्या घरी गेल्या. "साहेबांना सांगतो," असे उत्तर मिळाले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या, तेव्हा उत्तर होते, "फंड नाही." काही जण मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, "सभेची मंजुरी नाही." नगराध्यक्ष म्हणाले, "फाईल इंजिनिअरकडे आहे." इंजिनिअर साहेब साइटवर गेले होते. चार दरवाजे झाले, काम जिथल्या तिथे.

आमच्या शेजारी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका राहतात. सारा मोहल्ला त्यांना आपा म्हणतो. आपा म्हणाल्या, "हे सगळे खोटे बोलत नाहीत. प्रत्येक जण आपल्याला आपल्या टेबलापुरतेच सांगतोय. पालिका चालते कशी, हेच आपल्याला माहीत नाही." त्या पावसाळ्यात आम्ही जे शिकलो ते वाचक बहीण-भावांपुढे ठेवतो. आपले शहर दुसरे असले, तरी कायदा तोच आहे.

आपले शहर कोणत्या वर्गात?

महाराष्ट्रातील लहान शहरांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतो. मोठ्या शहरांना महानगरपालिका असते, त्यासाठी लोकसंख्या साधारण तीन लाख लागते. एके काळी मालेगावला नगरपरिषदच होती, २००१ मध्ये ती महानगरपालिका झाली. इचलकरंजी २०२२ मध्ये झाली.

त्याखाली नगरपरिषदांचे तीन वर्ग आहेत. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहराची 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख वस्तीची 'ब' वर्ग आणि त्याहून लहान शहराची 'क' वर्ग नगरपरिषद. खेड्याचे शहर होऊ लागले आहे, वस्ती दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान आहे, अशा गावाला नगरपंचायत मिळते. माथेरान, पन्हाळा यांसारखी थंड हवेची गावे वस्तीने फार लहान असूनही तिथे नगरपरिषद आहे.

वर्गाप्रमाणे नगरसेवकांची संख्या, अधिकाऱ्यांचा दर्जा, कर्मचारी आणि समित्या बदलतात. मूळ रचना मात्र सगळीकडे सारखी आहे. एक बाजू आपण निवडून दिलेल्यांची असते, दुसरी सरकारने नेमलेल्यांची. या दोन बाजू समजल्या की अर्धे कोडे सुटते.

आपण निवडून दिलेली माणसे

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. पाच वर्षांची मुदत ठरली. निवडणूक घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे आले. महिलांसाठी घटनेने किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले.

नगरपरिषदेच्या एका प्रभागात बहुधा दोन नगरसेवक असतात. म्हणून मतदानाच्या दिवशी आपण दोन मते नगरसेवकांना देतो आणि तिसरे नगराध्यक्षाला. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम आपल्या राज्यात अनेकदा बदलला आहे. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. नगरपंचायतीत सतरा प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एकच सदस्य येतो. यांशिवाय काही स्वीकृत सदस्य सभागृहात घेतले जातात. त्यांना चर्चेत भाग घेता येतो, मतदान करता येत नाही.

एका प्रभागात दोन नगरसेवक असण्याची एक अडचण आम्हाला चांगलीच जाणवली. एक जण म्हणायचा, "तो बोळ त्यांच्याकडे आहे." दुसराही तेच म्हणायचा. कायद्याने दोघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत, बोळ वाटून घेतलेले नसतात. म्हणून आपांनी पुढचा अर्ज दोघांच्या नावे लिहिला आणि दोघांकडून एकाच कागदावर पोच घेतली.

निवडून आलेल्या सर्वांची मिळून सर्वसाधारण सभा होते. पालिकेतील सर्वोच्च अधिकार या सभेचा. नगराध्यक्ष सभेचे अध्यक्ष असतात. मते समसमान पडली तर त्यांचे निर्णायक मत असते. दोन सर्वसाधारण सभांमध्ये दोन महिन्यांहून जास्त अंतर पडू नये, अशी कायद्याची अपेक्षा आहे. 'अ' आणि 'ब' वर्गात सभेच्या हाताखाली स्थायी समिती आणि विषय समित्या असतात. बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण असे त्यांचे विषय. ही सभा बंद दाराआडची नाही. सामान्य नागरिक तिथे शांतपणे बसून ऐकू शकतो. आमच्या मोहल्ल्यातील कुणालाही हे ठाऊक नव्हते.

सरकारने नेमलेली माणसे

दुसऱ्या बाजूला मुख्याधिकारी असतात. हे राज्य सरकारचे अधिकारी. त्यांची नेमणूक आणि बदली नगराध्यक्ष करत नाहीत, सरकार करते. सभेने केलेले ठराव अमलात आणणे, कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवणे, हिशेब सांभाळणे आणि पालिकेच्या वतीने सही करणे ही त्यांची कामे. त्यांच्या हाताखाली कार्यालय अधीक्षक, लेखापाल, नगर अभियंता, पाणीपुरवठा विभाग, कर विभाग, स्वच्छता निरीक्षक आणि मुकादम अशी उतरंड असते.

सभेने एखादा बेकायदा ठराव केला, तर मुख्याधिकारी ते जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेस आणतात. अशा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यांच्या वर नगरपरिषद प्रशासन संचालनालय आणि मंत्रालयातील नगरविकास विभाग.

थोडक्यात, काय करायचे हे सभा ठरवते आणि मुख्याधिकारी ते करून घेतात. नगराध्यक्षांचे दोन्हीकडे लक्ष असते. पण नगराध्यक्ष ठरावाशिवाय पाईप बदलू शकत नाहीत आणि मुख्याधिकारी मंजुरीशिवाय खर्च करू शकत नाहीत. एकाने दुसऱ्यावर बोट दाखवले की आपण रिकाम्या हाताने परततो.

ही एक बाजू संपूर्ण नसली तर काय होते, हेही आपण पाहिले. अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. झाडू मारला जात होता, पाणी सुटत होते, दाखले मिळत होते. पण आपल्या बोळाचा प्रश्न सभेत मांडणारे कुणी नव्हते, कारण सभाच नव्हती.

एका पाईपचा प्रवास

आता आमच्या फाईलकडे वळू. आपांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा तिकीट लावलेला साधा कागद. 'अमुक बोळातील पाईपलाइनच्या तक्रारीवर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाईल सध्या कुणाकडे आहे,' एवढेच विचारले. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते आले, आणि पहिल्यांदाच आम्हाला कामाचा रस्ता दिसला.

तक्रार आली की अभियंता जागा पाहून खर्चाचे अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते. मग स्थायी समिती किंवा सभा प्रशासकीय मंजुरी देते. अंदाजपत्रकात त्या कामासाठी पैसा आहे का, हे लेखा विभाग पाहतो. नंतर निविदा निघते, ठेकेदार ठरतो, कार्यादेश दिला जातो आणि काम सुरू होते. यातील एक पायरी राहिली तर पुढची चढता येत नाही.

आमच्या प्रकरणात सभेपुढे काही गेलेच नव्हते, कारण अंदाजपत्रकच तयार झाले नव्हते. अंदाजपत्रक झाले नव्हते, कारण लेखी तक्रार कुठेच नोंदलेली नव्हती. आमच्या बायका दोन महिने तोंडी सांगत फिरत होत्या. पालिकेच्या आवक नोंदवहीत मोहल्ल्याच्या नावाची एक ओळही नव्हती. 'फंड नाही' हे उत्तर तर सर्वांत घाईचे होते. मागणीच कागदावर नसेल, तर फंड कशाला ठेवणार?

म्हणून पहिला धडा हाच. बोलणे झाल्यावर अर्ज द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. आजाराचा विषय असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि प्रत आरोग्य व पाणीपुरवठा विभागाला द्या.

पैसा कुठून येतो?

पालिकेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे. पूर्वी जकात होती. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि त्या बदल्यात सरकार अनुदान देऊ लागले. बाकीचा पैसा वित्त आयोगाच्या निधीतून आणि राज्य-केंद्राच्या योजनांतून येतो. अल्पसंख्याक बहुल नागरी वस्त्यांमध्ये रस्ते, गटारे, पाणी अशा मूलभूत सोयींसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचा क्षेत्रविकास कार्यक्रमही आहे. पण त्यासाठी पालिकेकडून प्रस्ताव जावा लागतो. प्रस्ताव पाठवा, असे सभेत कुणी तरी म्हणावे लागते.

पालिकेचा अर्थसंकल्प नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मंजूर होतो. त्यात महिला व बालकल्याण आणि दुर्बल घटकांसाठी तरतूद ठेवावी लागते. आपण मार्च उलटल्यावर मागणी घेऊन जातो आणि 'पुढच्या वर्षी बघू' ऐकून परततो. मागणी डिसेंबर-जानेवारीत गेली पाहिजे.

घरपट्टी थकवून आपणच आपली बाजू कमकुवत करतो, हेही प्रामाणिकपणे मान्य करू. आमच्या बोळातही थकबाकीदार होतेच. आकारणी चुकीची वाटली तर हरकत घेण्याची मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी, पण बिल चुलीमागे सरकवून ठेवू नये.

घरातील कागद आणि पालिका

पालिकेची ओळख आपल्याला नळ आणि कचरागाडी एवढीच असते. पण घरात मूल जन्मले की त्याचे नाव सरकारी दप्तरात पहिल्यांदा तिथेच लिहिले जाते.

जन्म आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तेवढ्या मुदतीत शुल्क लागत नाही. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळंतपण रुग्णालयात झाले तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, घरी झाले तर घरच्यांची. बारशाआधी किंवा अकीक्याआधी नोंद झाली तर ती नावाशिवाय होते. नाव नंतर लिहून घ्यायचे राहूनच जाते. एक वर्षापर्यंत ते विनामूल्य लिहिता येते, नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.

आणखी एक खबरदारी. एका घरात वडिलांच्या आधारवर 'शेख', मुलीच्या जन्मदाखल्यावर 'शैख' आणि शाळेच्या दाखल्यावर नुसते 'शे.' असते. फातिमा कुठे फातेमा होते, मोहम्मद कुठे 'मो.' होतो. ज्या दिवशी दाखला हातात पडेल त्याच दिवशी खिडकीसमोर उभे राहून प्रत्येक अक्षर वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, विवाह नोंदणी, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे.

घरपट्टीच्या पावतीबद्दलही गैरसमज आहे. पावतीवर नाव आहे म्हणून कुणी घराचा मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही. पालिका कर कुणाकडून घ्यायचा हे लिहिते, हक्क ठरवत नाही. मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका, खरेदीखत आणि वारसा पाहावा लागतो. वडिलांच्या इंतकालानंतर केवळ भावांची नावे लावून घेतली जातात, तेव्हा बहिणींनी गप्प बसू नये.

कब्रस्तानाचा विषयही इथेच येतो. मृतांच्या दफन-दहनाच्या जागांची व्यवस्था हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांपैकी एक आहे. शहराच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, बाग, कब्रस्तान यांसाठी जागा राखल्या जातात. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. ती मुदत गेली की नंतर वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागतात.

महाडने शिकवलेले

सभेचा एक ठराव किती मोठा असू शकतो आणि किती पोकळ, हे शंभर वर्षांपूर्वी महाडने दाखवले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला. चवदार तळे पालिकेच्या ताब्यात होते. मुसलमान आणि इतर धर्मीय त्याचे पाणी भरत होते, दलित बांधवांना मात्र मज्जाव होता. ठराव झाला तरी पुढची तीन वर्षे काहीच बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच पालिकेने तो मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्याचा खटला अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दलितांच्या बाजूने संपला.

आमचा पाईप त्या लढ्यापुढे काहीच नाही. पण रीत तीच आहे. सभेने लिहिलेला शब्द लोकांनी पाठपुरावा केला तरच गल्लीपर्यंत पोहोचतो, आणि लोक विसरले तर सभा तो मागेही घेऊ शकते. फत्तेखान यांची आठवण एवढ्यासाठी की त्यांना स्वतःला त्या तळ्याची बंदी नव्हती. शेजाऱ्याच्या पाण्यासाठी त्यांनी जागा दिली.

राखीव जागेवरची बहीण

निम्म्या जागा महिलांच्या झाल्यापासून आपल्या मोहल्ल्यांतूनही बहिणी नगरसेविका होत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण किती तरी ठिकाणी फलकावर तिचे नाव असते आणि फोन पती उचलतात. लोकही "भाभींना कशाला त्रास, भाईंना सांगू" म्हणतात. कायद्याने सभेत बसण्याचा, बोलण्याचा आणि हात वर करण्याचा अधिकार फक्त तिला आहे. पती, दीर किंवा सासरा यांना नाही.

आमच्या प्रभागातील दुसऱ्या जागेवर एक तरुण बहीण निवडून आल्या होत्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. आपा त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "बेटी, तू भाषण करू नकोस. आमच्या अर्जाचा आवक क्रमांक वाच आणि विचार, अंदाजपत्रक कधी होणार? एवढेच." त्या सभेला बोळातील अकरा बायका मागच्या बाकांवर जाऊन बसल्या. त्या बहिणींचा आवाज पहिल्यांदा थरथरला. मागे वळून पाहिले आणि पुन्हा एकदा नीट वाचला. विषय इतिवृत्तात नोंदवला गेला. पुढच्या सभेत अंदाजपत्रक आले.

काम लगेच झाले नाही. निविदेला वेळ लागला, एकदा ठेकेदाराने टाळाटाळ केली. पण आता कुठे अडले आहे हे आम्हाला दर आठवड्याला माहीत असायचे आणि त्याच टेबलाकडे आम्ही जायचो. पुढच्या पावसाळ्याआधी गटारापासून बाजूला, वरच्या अंगाने नवा पाईप पडला. त्या वर्षी बोळात कावीळ आली नाही.

आपा आता थकल्या आहेत. त्यांची अर्जांची फाईल एका शेजारणीकडे असते. तिच्यात पोचपावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. आपल्याही मोहल्ल्यात अशी एक फाईल सुरू करा. सुरुवातीला तिच्यात तीनच कागद ठेवा : आपल्या दोन्ही नगरसेवकांची नावे, पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख आणि शिक्का मारलेला एक अर्ज.